टपालघराचा उघडा दरवाजा

मुलांनो, पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यात कुरकुंभ हे गाव आहे. फिरंगाई देवीचे मंदिर ही या गावाची जुनी ओळख. आता तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. औषधे व रसायने तयार करणारे कारखाने तेथे आहेत. मालाची मागणी, दरपत्रक, बिल असा कारखान्यांचा पत्रव्यवहार आता ई-मेलने चालतो.

ई-मेल पोहोचवणाऱ्या संगणकाला मेल सर्व्हर म्हणतात. तो एक प्रकारचे टपालघरच आहे. आपल्या माणसांची पत्रे तो बाहेर पाठवतो आणि त्यांच्यासाठी आलेली पत्रे आत घेतो.

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठवला. १९८२ मध्ये ई-मेल पोहोचवण्याचे नियम ठरले. त्या वेळी संगणकांचे जाळे लहान होते. ते वापरणारे बहुतेक जण संशोधक होते. म्हणून कोणाचेही पत्र आले, तरी सर्व्हर ते पुढे पोहोचवत असे. वाटसरूने दिलेली चिठ्ठी पुढच्या गावी नेऊन द्यावी, तशी ही मदत होती. पाठवणाऱ्याची खात्री करून घेण्याची सोय त्या नियमांत नव्हती.

पुढे जाळे वाढले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जगभर लाखो नवी माणसे ई-मेल वापरू लागली. त्यांत काही लबाडही होते.

समजा, कुरकुंभच्या एका कारखान्याचा सर्व्हर असा सर्वांसाठी उघडा आहे. दूर देशातला एक लबाड माणूस रात्री त्याच्याकडे लाखभर खोट्या जाहिराती सोपवतो. सर्व्हर रात्रभर त्या वाटत बसतो. सकाळी काय होते? सर्वांना दिसते, की पत्रे कुरकुंभच्या सर्व्हरवरून आली. इतर सर्व्हर त्याचे नाव काळ्या यादीत टाकतात. मग कारखान्याची खरी पत्रेही कोणी घेत नाही. एखादे रुग्णालय औषधाची मागणी करते, पण त्याला कारखान्याचे उत्तर पोहोचत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच!

यावर उपाय निघाले. १९९८ मध्ये 'सेंडमेल' या प्रसिद्ध मेल प्रोग्रॅमने परक्यांची पत्रे पुढे पाठवणे आपणहून बंद केले. १९९९ मध्ये पत्र पाठवणाऱ्याकडून पासवर्ड घेण्याची पद्धत ठरली. आता चांगला सर्व्हर दोन प्रश्न विचारतो. हे पत्र आपल्याच माणसासाठी आहे का? नसेल, तर देणाऱ्याने पासवर्ड देऊन आपली ओळख पटवली आहे का? दोन्ही उत्तरे 'नाही' आली, तर तो पत्र परत करतो. पाठवणाऱ्याचे नुसते नाव पाहून तो विश्वास ठेवत नाही. कारण पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो.

पण कुलूप लावून किल्ली दारातच ठेवली तर? '१२३४५६' असा पासवर्ड म्हणजे दारातली किल्लीच. म्हणून पासवर्ड लांब असावा. तो सांकेतिक रूपातच सर्व्हरकडे जावा. कोणी पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड देत असेल, तर सर्व्हरने त्याला थांबवावे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते लगेच बंद करावे.

आपल्या देशात दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुलांनो, दरवाजा उघडा ठेवणे हा पूर्वी चांगुलपणा होता. आजही मदत जरूर करावी; पण आपल्या नावाचा उपयोग कोण करतो, हे आधी पाहावे.

शब्दार्थ
वसाहत – वस्ती. येथे, कारखान्यांची जागा
वाटसरू – प्रवासी
सांकेतिक – खुणेच्या भाषेतील, गुप्त
चोर सोडून संन्याशाला फाशी – गुन्हा एकाचा, शिक्षा निरपराध माणसाला

स्वाध्याय
१. मेल सर्व्हरला टपालघर का म्हटले आहे?
२. कारखान्याची खरी पत्रे इतरांनी का घेतली नाहीत?
३. चांगला सर्व्हर कोणते दोन प्रश्न विचारतो?
४. 'दरवाजा', 'मदत' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.