नव्या मोटारीचे पहिले दिवस : नोंदणीपूर्व वाहनाविषयी व्यापारी बंधूंनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

व्यापारी मनुष्य मालाची पावती, वजनाचा काटा व हुंडीची मुदत यांविषयी जितका दक्ष असतो, तितका तो स्वतःच्या वाहनाच्या कागदांविषयी नसतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. नवी मोटार दारी आली की घरात आनंद होतो, पूजा होते, मुलेबाळे फेरी मारून येतात. आणि पक्का क्रमांक मिळावयाचा आहे हे त्या गडबडीत मागे पडते. या अल्पशा अवधीतील निष्काळजीपणा पुढे किती महाग पडू शकतो, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

१. मूळ नियम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ३९ चा आशय असा की, नोंदणी झाल्याविना कोणीही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवू नये, आणि मालकाने ते दुसऱ्यास चालवू देऊ नये. म्हणजे चालकाइतकाच मालकही जबाबदार. ड्रायव्हर पगारी आहे, ही सबब येथे उपयोगी पडत नाही.

मग दुकानापासून घरापर्यंत गाडी आणावी तरी कशी? त्याचे उत्तर कलम ४३ मध्ये आहे. ते म्हणजे तात्पुरती नोंदणी. ही सोय जुनीच आहे. १९३९ च्या कायद्यातही ती होती. तात्पुरत्या नोंदणीचे प्रमाणपत्र व क्रमांक मिळाला म्हणजे गाडी त्या मुदतीपुरती कायदेशीर ठरते. पूर्वी ही मुदत एका महिन्याहून अधिक नसे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीत फेरफार झाले. यास्तव ऐकीव माहितीवर विसंबू नये. आपल्या प्रमाणपत्रावर जी तारीख छापली असेल तीच खरी मुदत, असे समजून चालावे.

तात्पुरता क्रमांक कागदावर लिहून काचेस चिकटवणे पुरेसे नाही. पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांत तो लावावयाचा असतो. तांबड्या पाटीवर पांढरी अक्षरे असतील, तर ती गाडी विक्रेत्याच्या ताब्यातील, व्यापार प्रमाणपत्रावर चालणारी होय. ते प्रमाणपत्र विक्रेत्याच्या धंद्यापुरते आहे; त्यावर ग्राहकाने आपली कामे करावयाची नसतात.

२. उटनूरचे उदाहरण

समजा, उटनूरच्या एका व्यापाऱ्याने नागपुरास मोटार घेतली. ती राष्ट्रीय महामार्ग ४४ ने हिंगणघाट, पांढरकवडा करीत पैनगंगा ओलांडून आदिलाबादेस येईल. पुढे गुडीहत्नूरला वळून इंद्रवेल्लीवरून उटनूरला पोचेल. येथे दोन राज्ये आली. महाराष्ट्रात विकलेली गाडी तेलंगणात राहावयाची आहे. तेव्हा नागपुराहून निघण्यापूर्वीच विमा उतरवावा, तात्पुरती नोंदणी करून घ्यावी व तिची पाटी लावावी. उटनूरला पोचल्यावर पक्क्या नोंदणीसाठी अर्ज करावा. वाहन ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत हा अर्ज करावा, असे केंद्रीय नियमांत आहे. अर्जाचा नमुना २०, विक्रेत्याचे विक्रीपत्र म्हणजे नमुना २१, वाहन रस्त्यायोग्य असल्याचा कारखान्याचा दाखला म्हणजे नमुना २२, विमा, पत्त्याचा पुरावा व तात्पुरते प्रमाणपत्र हे कागद एकाच पाकिटात ठेवावेत. चासी व इंजिन यांचे क्रमांक सर्व कागदांवर अक्षरशः जुळतात की नाही, हे स्वतः पाहावे. एका अंकाची चूक आठवड्यांचा खोळंबा करते. तेलंगणाचा मोटार कर निराळा भरावा लागतो, हेही खरेदीच्या हिशेबात आधीच धरावे.

आपल्या जिल्ह्याची खूण दोनदा बदलली. आंध्र प्रदेशात असताना एपी ०१, २०१४ मध्ये तेलंगण झाल्यावर टीएस ०१, आणि मार्च २०२४ पासून नव्या वाहनांना टीजी ०१. जुन्या गाड्यांचे क्रमांक मात्र तेच चालतात.

राज्यातल्या राज्यात घेतलेल्या गाडीची गोष्ट निराळी. २०१९ च्या दुरुस्तीने तिचा अर्ज विक्रेत्याने करावयाचा, व क्रमांक लावल्याखेरीज ताबा द्यावयाचा नाही, असे ठरवले आहे.

३. मालाच्या गाडीविषयी

कलम ६६ अन्वये मालवाहू वाहनास परवाना लागतो. एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसलेल्या लहान गाड्यांना त्यातून सूट आहे. मोठी गाडी तात्पुरत्या नोंदणीवर नोंदणीसाठी जात असेल, तर तिलाही परवान्याची सूट मिळते. पण ती रिकामी असेल तरच. 'येतेच आहे तर चार गाठी कापूस घालू' असा विचार मनात आला की ही सूट गेली, हे ध्यानात ठेवावे.

४. मुदत उलटल्यास

कलम १९२ प्रमाणे नोंदणीविना वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० ते ५,००० रुपये दंड आहे; पुढील गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आजाऱ्यास वा जखमीस तातडीने नेणे यासाठी अपवाद आहे. मात्र सात दिवसांत अधिकाऱ्यांस कळवावे लागते.

दंडाची रक्कम फार नव्हे. खरे नुकसान विम्यात आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली दोन प्रकरणे पाहावीत. पहिल्यात तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ रोजी संपली व २ फेब्रुवारीस अपघात झाला. विमा चालू होता. तरीही नोंदणीविना रस्त्यावर वाहन वापरणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग होय, असे २०१४ मध्ये न्यायालयाने ठरवले, आणि भरपाई मिळाली नाही. दुसऱ्यात नोंदणीची मुदत १९ जुलै २०११ रोजी संपली, आणि २८ जुलैच्या रात्री जोधपूर येथे अतिथिगृहाबाहेरून गाडी चोरीस गेली. अवघ्या नऊ दिवसांचा फरक! येथे अपघातही नव्हता, गाडी उभी होती. परंतु मुदत संपल्यावर ती परगावी नेऊन वापरली, हेच निर्णायक ठरले. ३० सप्टेंबर २०२१ च्या निकालाने विमा कंपनी जबाबदारीतून मोकळी झाली.

५. सारांश

हुंडीची मुदत आपण वहीत लिहून ठेवतो. तशीच तात्पुरत्या नोंदणीची तारीख लिहावी आणि तिच्या आठ दिवस आधी कार्यालय गाठावे. तारीख उलटलीच, तर पक्की नोंदणी होईपर्यंत गाडी घराच्या आवारात उभी ठेवावी. यात्रा, लग्नकार्य, बाजार यांसाठी दुसरे वाहन भाड्याने करावे. ते भाडे संपूर्ण मोटारीच्या किमतीपुढे काहीच नव्हे.