इंजिनची खोटी खबर : कूलंट टेंपरेचर सेन्सर कसा तपासावा, कसा बदलावा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बऱ्याच जणांच्या दारात आज मालाच्या ने-आणीसाठी एखादी व्हॅन किंवा छोटी मोटार उभी असते. भिवंडीहून तागे आणणे, आठवडी बाजाराला माल नेणे, लग्नसराईत गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणे, हे सगळे तिच्या जिवावर चालते. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये अडकली की टेम्पोचे भाडे वेगळे आणि धंद्याचा खोळंबा वेगळा. त्यातही जास्त पैसा वाया जातो तो अशा बिघाडात, जिथे भाग बोटाएवढा असतो आणि लक्षणे मात्र मोठ्या रोगाची दिसतात. कूलंट टेंपरेचर सेन्सर हा असाच एक भाग. आम्ही कापडवाले, मेकॅनिक नव्हे. पण दुकानाची गाडी बरीच वर्षे सांभाळल्यावर जे हाती लागले, ते बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

प्रथम हा सेन्सर काय करतो ते समजून घेऊ. आजच्या पेट्रोल गाडीत इंजिनला किती पेट्रोल द्यायचे ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. मेकॅनिक मंडळी त्याला ईसीएम म्हणतात. इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल लागते, गरम झाल्यावर कमी. परंतु ईसीएमला इंजिनची गरमी स्वतःला कळत नाही. ती खबर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनच्या पाण्यात, तोंड बुडवून बसलेला हा सेन्सर देतो. रेडिएटरचा फॅन केव्हा लावायचा हेही बहुतेक गाड्यांत याच खबरीवर ठरते. मालक पेढीवर बसलेला आणि गोदामातला माणूस शिल्लक माल चुकीचा सांगतो, तर मालक कितीही हुशार असला तरी खरेदी चुकणारच. इथे तसेच होते. ईसीएम चांगला, पंप चांगला, प्लग चांगले, आणि तरी गाडी बिघडलेली.

सेन्सरच्या आत असते एक विशिष्ट पदार्थाची गोळी. पाणी तापते तसा तिचा विजेला होणारा अडथळा, म्हणजे ओहम, कमी होत जातो. तांब्याच्या तारेत याच्या उलट होते. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. मारुती आणि पुष्कळशा जपानी घडणीच्या गाड्यांत २० अंशांना साधारण सव्वादोन ते पावणेतीन हजार ओहम, ४० अंशांना सुमारे ११००, ६० ला ६०० च्या आत आणि ८० अंशांना जेमतेम ३०० ओहम असा हिशेब असतो. इतर गाड्यांचे आकडे थोडे वेगळे असतील, पण उतार हाच. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

आता खोटी खबर दोन तऱ्हेची असते. सेन्सर इंजिनला आहे त्यापेक्षा थंड सांगू लागला, तर ईसीएम जास्त पेट्रोल ओततो. अ‍ॅव्हरेज पडतो, सायलेन्सरमधून काळा धूर व पेट्रोलचा वास येतो, प्लग काजळतात, गरम गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी सुरू केली तर पटकन उठत नाही. पीयूसीमध्येही गाडी नापास होऊ शकते. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते, आणि त्याची किंमत ऐकून भल्याभल्यांना घाम फुटतो. सर्वात वाईट म्हणजे फॅन उशिरा लागतो किंवा लागतच नाही, आणि हेड गॅस्केट जळण्याची पाळी येते. उलट सेन्सर थंड इंजिनला गरम सांगू लागला, तर सकाळी पेट्रोल कमी पडते. गाडी बराच वेळ स्टार्टर मारायला लावते आणि सुरू होऊन बंद पडते. सेन्सरची वायर पूर्ण तुटली तर बहुतेक गाड्यांत ईसीएम सावधगिरी म्हणून फॅन चालूच ठेवतो. चावी फिरवताच थंड इंजिनवर फॅन फिरू लागला, तर ही खूण ओळखावी.

इथे एका प्रचलित इलाजाविषयी स्पष्ट बोलणे जरूर आहे. पुष्कळ ठिकाणी मिस्त्री दोन गोष्टी सुचवतात : ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे गरमीच आहे’ आणि ‘फॅन डायरेक्ट करून देतो’. दोन्ही स्वस्त, दोन्ही पाच मिनिटांत होणारी, आणि दोन्ही आमच्या मते घाट्याची. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडतो, म्हणजे तोवर इंजिन लवकर गरम व्हावे. तो काढला की इंजिन, विशेषतः थंडीत आणि हायवेवर, पुरते तापतच नाही. मग सेन्सर खरे बोलत असूनही ईसीएमला ‘अजून थंड आहे’ अशीच खबर मिळते आणि पेट्रोल जास्त जात राहते. फॅन डायरेक्ट केला तर तो दिवसभर फिरतो, त्याची मोटर लवकर जाते, आणि ज्या दिवशी ती जाईल त्या दिवशी मालकाचे लक्ष नसते, कारण ‘फॅन तर डायरेक्ट आहे’. मूळ बिघाड होता तिथेच राहतो. रस्त्यात गाडी तापली तर घरी पोचण्यापुरता फॅन डायरेक्ट करणे ठीक. पण तो कायमचा इलाज नव्हे.

आमच्या परिचयाचे एक शिवणकामाचे कारखानदार आहेत. त्यांच्या व्हॅनचा अ‍ॅव्हरेज अचानक उतरला. एका गॅरेजने प्लग बदलले, मग इंजेक्टर साफ केले, मग पेट्रोल पंप बदलायला सांगितला. पंपाचे पैसे देण्याआधी त्यांनी गाडी आमच्याकडे आणली. सेन्सरचा प्लग काढून पाहिला तर आतल्या एका पिनेवर हिरवा गंज चढलेला. पिन घासून साफ केली, प्लग घट्ट बसवला, आणि गाडी सुधारली. सेन्सरसुद्धा बदलावा लागला नाही. थान मोजल्याशिवाय पैसे न देणारे आपण लोक गॅरेजमध्ये मात्र अंदाजाने भाग विकत घेतो, याचे नवल वाटते.

तेव्हा तपास कसा करावा? रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू न करता पाहावी. पहिली नजर पाण्यावर. पाणी कमी असेल तर सेन्सरचे तोंड हवेत राहते आणि तो चुकीचे सांगतो; इंजिन उकळत असताना काटा खाली, असा धोक्याचा प्रकार यातूनच होतो. रेडिएटरचे झाकण फक्त थंड इंजिनवरच उघडावे. गरम असताना आत दाब असतो, आणि झाकण फिरवताच उकळते पाणी तोंडावर येते.

यानंतर स्कॅनर. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असेल, तर मोबाइलला जोडणारा ब्लूटूथचा स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो. चावी चालू करून, इंजिन न उठवता, त्यात दोन आकडे पाहावेत : कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान. थंड गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे असले पाहिजेत. सकाळच्या २५ अंशांत कूलंट ६० दाखवत असेल किंवा उणे ४० दाखवत असेल, तर खबर खोटी. पी ०११८ हा कोड बहुधा तुटलेल्या वायरीचा किंवा निघालेल्या प्लगचा, आणि पी ०११७ हा शॉर्टचा इशारा असतो. पी ०१२८ आला तर सेन्सर विकत घेण्याआधी थर्मोस्टॅट पाहावा.

वायर आणि सेन्सर यांतला दोषी कोण, हे ठरवायला सोपी युक्ती आहे. सेन्सर दोन पिनांचा असेल तर त्याचा प्लग काढा. स्कॅनरवर आकडा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे. मग चावी चालू ठेवून प्लगच्या दोन्ही पिना वायरीच्या तुकड्याने जोडा. आकडा १२० च्या वर गेला, तर वायर व ईसीएम ठीक, दोष सेन्सरचा. काही ईसीएम बिघाड कळताच आपल्या मनाचा ठरीव आकडा दाखवतात. तिथे मल्टीमीटर घ्यावा. तीन-चार पिनांच्या सेन्सरवर मात्र हा जोडाजोडीचा प्रयोग करू नये.

मल्टीमीटर असेल तर प्लग काढून सेन्सरच्या दोन पिनांमधले ओहम मोजा. मारुतीसारख्या गाडीत ३० अंशांच्या सकाळी दीड ते पावणेदोन हजारांच्या आसपास आले पाहिजेत. गाडी चालू करून गरम होईल तसा आकडा अडखळल्याविना उतरत जावा. मधेच उडी मारली तर सेन्सर आतून फुटला आहे. उंदराने कुरतडलेली वायर, सैल पिन हे दोष गाडी हलल्यावरच दिसतात, म्हणून मोजताना वायर हाताने हलवून पाहावी.

एक इशारा : पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्यासाठी एक वायरीचा वेगळा सेंडर असतो. काटा बरोबर चालतो म्हणून ईसीएमचा सेन्सर चांगला, असे समजू नये. सीएनजीच्या बाहेरून बसवलेल्या सीक्वेन्शियल किटमध्ये रिड्युसरवर आणखी एक सेन्सर असतो; गाडी गॅसवर जात नसेल तर आधी तो पाहावा.

बदलण्याचे काम अवघड नाही. सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटच्या घराजवळ असतो. ओम्नी, ईकोसारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने सीट उचलावी लागते. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची उणे तार काढलेली, खाली तसराळे ठेवलेले. नवा सेन्सर जुन्याशी ताडून पाहावा : पिना, आटे, लांबी. प्लगची कडी दाबून काढावी, वायर ओढू नये. बहुतेक सेन्सर १७ किंवा १९ नंबरच्या पान्याने निघतात. काही क्लिपने बसवलेले असतात. नवा वॉशर किंवा रिंग घालून आधी हाताने फिरवावा, मग पान्याने हलका कस द्यावा. घर अ‍ॅल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असते, जोर लावला तर आटे जातात. एक वायरीच्या सेंडरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण त्याची अर्थ आट्यांतूनच मिळते.

सांडलेले पाणी भरताना नळाचे किंवा बोअरचे पाणी नको. त्याचा क्षार सेन्सरच्या तोंडावर थर धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धे-अर्धे, किंवा तयार मिळणारे घालावे. तसराळ्यात उरलेले कूलंट उघडे ठेवू नये. ते गोड असते आणि विषारी असते. मोहल्ल्यातली मांजरे ते चाटतात, लहान मुलांचेही भय आहे.

मग झाकण उघडे ठेवून, हीटर असेल तर गरमवर करून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. पातळी भरून झाकण लावावे, कोड पुसावा आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभी चालू ठेवावी. सेन्सरच्या बुडाशी ओल आहे का ते बोटाने पाहावे. एवढे करूनही स्कॅनरवर तापमान खरे दिसत असताना फॅन न लागता आकडा १०५ च्या पुढे चढू लागला, तर ताबडतोब इंजिन बंद करावे; मग तपास सेन्सरचा नव्हे, फॅनचा फ्यूज, रिले आणि मोटर यांचा करायचा.