सबंध बदक घरीं कसें शिजवावें

अंड्यांसाठीं बदकें पाळणाऱ्या शेतकऱ्यापुढें एक प्रश्न वारंवार उभा राहतो. तो म्हणजे नरांचें करावें काय? खाकी कॅम्पबेल जातीचीं पन्नास पिल्लें न निवडतां आणलीं, तर त्यांत अदमासें निम्मे नर निघावयाचे. पैदाशीसाठीं सहा-सात माद्यांमागें एक नर पुरतो. म्हणजे पंचवीस माद्यांच्या कळपास फार तर चार नर ठेवावे. बाकीचे वीस-एकवीस नर अंडें देत नाहींत आणि दाणा मात्र रोज खातात. असे नर येईल त्या भावानें काढून टाकण्याकडे पुष्कळांचा कल असतो. घरीं कां खात नाहीं, असें विचारल्यास उत्तर ठरलेलें: मांस वातड असतें, त्यास चिखलाचा वास येतो आणि रस्सा तेलकट होतो. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. परंतु बदक कोंबडीसारखें शिजविलें म्हणजेच ते खरे ठरतात. बदकाची शरीररचना ध्यानांत घेऊन त्यास शिजविलें, तर त्याच नरापासून चार माणसांचें उत्तम जेवण होतें, शिवाय वाटीभर चरबी व हाडांचा काढा हातीं राहतो.

मस्कोव्ही सोडून बाकी सर्व पाळीव बदकांचा मूळ पुरुष म्हणजे हिरव्या डोक्याचें रानबदक. हें हिंवाळ्यांत उत्तरेकडून हजारों मैल उडत आपल्या देशांत येतें. एवढा पल्ला मारणाऱ्या छातीच्या स्नायूंस प्राणवायु सांठविणारें तांबडें द्रव्य भरपूर लागतें. म्हणून बदकाची छाती कोंबडीसारखी पांढरी नसून गर्द तांबडी असते व जास्त शिजल्यास कोरडी पडते. तंगड्या दिवसभर चालतात व पाणी मारतात. त्यांतील चिवट धागे मंद आंचेवर बराच वेळ राहिल्याशिवाय विरघळत नाहींत. आणि थंड पाण्यांत ऊब राखण्यासाठीं कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो. भडक्या जाळावर बदक ठेवलें कीं कातडी करपते आणि चरबी आंत तशीच राहते. तुकडे करून एकदम मसाल्यांत टाकलें कीं ती सगळी रस्स्यांत उतरते. त्यावर पुन्हा फोडणीसाठीं पळीभर तेल घालणारीं घरें आहेत, हें विशेष! तेव्हां चरबी आधीं बाहेर काढणें, तंगड्यांस वेळ देणें आणि छाती वाळूं न देणें, एवढ्या तीन गोष्टींत सर्व कृति आली.

बदक निवडतांना वय पाहावें. तरण्या बदकाची चोंच किंचित् लवते, पायाचा पडदा मऊ असतो आणि छातीच्या हाडाचें टोंक बोटानें दाबल्यास वांकतें. जून बदकाचीं हीं सर्व अंगें टणक होतात. नर ओळखण्यास पिसें पाहण्याची वाट पाहावी लागत नाहीं. मादी मोठ्यानें ओरडते, नराचा आवाज घोगरा व हलका असतो. मोठेपणीं नराच्या शेपटीवर वर वळलेलें पीसही दिसतें. पिसांची एक अडचण मात्र ठाऊक असावी. बहुतेक जातींत सातव्या-आठव्या आठवड्यास पहिलीं पिसें पुरीं होतात; नंतर तीं झडून नवीं येऊं लागतात, आणि बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत कातडींत पिसांचे खुंट भरलेले असतात. या मधल्या काळांत बदक मारिल्यास सोलणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. पांढरें पेकिन हें झपाट्यानें वाढणारें व चरबीचें. तें आठव्या आठवड्याच्या आंत काढावें. कॅम्पबेल किरकोळ अंगाचें असल्यामुळें त्यास चौदा आठवड्यांपर्यंत थांबणें फायद्याचें.

चिखलाचा वास हा बहुतांशीं चाऱ्याचा दोष आहे. गोगलगाई, मासळीचा कचरा व गटारांतील घाण यांवर वाढलेल्या बदकाच्या चरबींतच तो वास मुरतो. मग मसाला कितीही घाला. यासाठीं मारण्यापूर्वी दोन आठवडे त्यास आवारांत कोंडून भात, कणी, मका असें धान्य व स्वच्छ पाणी द्यावें. आदल्या रात्रीं दाणा बंद करावा. पाणी चालूं ठेवावें.

मारल्यावर डोकें खालीं करून रक्त पुरतें निथळूं द्यावें. उकळतें पाणी व साधें पाणी समभाग मिसळलें म्हणजे तें साधारण साठ अंश सेल्सिअसचें होतें. त्यांत चिमूटभर साबणाचा चुरा टाकावा. बदकाच्या पिसांवर तेल असतें व साबणावांचून पाणी मुळापर्यंत पोहोंचत नाहीं. दोन-तीन मिनिटें बुडवून, पाण्यांत हलवून, मग पिसें उपटावीं. याहून कढत पाणी वापरल्यास कातडी सुटते व पुढें ती फाटते. उरलेली लव जाळावरून भरभर फिरवून जाळावी व अंग स्वच्छ धुवावें. पोट फाडतांना आंतडीं व पित्ताची पिशवी न फुटतां काढावी. काळीज आणि दाणे दळणारा कोठा साफ करून निराळा ठेवावा. शेपटीच्या बुडाशीं वरच्या बाजूस पिवळसर दोन गांठी असतात. बदक यांतलेंच तेल चोंचीनें पिसांस लावतें. त्या अवश्य कापून टाकाव्या. कित्येक घरीं ज्याला ‘बदकाचा वास’ म्हणतात, तो या दोन गांठींचा असतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आजारी, सुस्त अथवा आपोआप मेलेलें बदक कोणत्याही कारणानें खाऊं नये. भारतांत पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत आढळली. केरळांत कुट्टनाडाकडील बदकांत २०१४ सालीं व पुन्हा २०२१ च्या आरंभीं ती शिरली. या रोगाचा विशेष असा कीं, कोंबड्या पटापट मरतात, परंतु बदक पुष्कळदां बाहेरून धडधाकट दिसूनही रोगबीज वागवितें. म्हणून आसपास साथ असल्यास बदक घरीं मारूंच नये व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावें. एरव्हींही सोलतांना नाकातोंडावर फडकें बांधावें, मुलांस दूर ठेवावें, हात व पाट साबणानें धुवावे. मांस आंतपर्यंत सत्तर अंशांवर तापलें कीं हें रोगबीज मरतें. आपण खालीं सांगितलेल्या रीतीनें शिजविलेलें बदक याच्या पुढेंच जातें.

आतां मुख्य कृतीकडे वळूं. साफ केलेलें दीड किलोचें बदक घ्यावें. पोटाच्या तोंडाशीं चरबीचे मोठे गोळे लोंबतात, ते हातानें ओढून काढून ठेवावे. मग दाभणानें कातडीस टोंचे मारावे. टोंचा तिरपा व उथळ असावा. कातडी व चरबी भेदावी, मांसास धक्का लागूं नये. मांसांत भोंक पडलें तर रस गळून छाती कोरडी होते. मांड्यांवर, बगलेखालीं व छातीच्या खालच्या कडेस चरबी जाड असते, तेथें टोंचे दाट मारावे. नंतर बदक टांगून त्यावर तांब्याभर उकळतें पाणी ओतावें. कातडी ताठ होते. फडक्यानें आंतून-बाहेरून पुसून मीठ, हळद व मिऱ्याची पूड चोळावी आणि बदक वाळूं द्यावें. शीतकपाट असल्यास त्यांत रात्रभर उघडें ठेवणें सर्वांत बरें. तें नसल्यास मारल्या दिवशींच शिजवावें. उघड्यावर रात्र काढूं देऊं नये, आणि पावसाळ्यांत तर मुळींच नाहीं.

कातडी वाळविण्याचा हा खटाटोप कशासाठीं, तें पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, आचाऱ्यांकडून शिकावें. ते कातडी व मांस यांच्यामध्यें हवा भरून कातडी फुगवितात, वर उकळतें पाणी ओततात, माल्टोजचा पातळ पाक लावितात आणि बदक टांगून वाळवितात; मगच भट्टींत भाजतात. ओल्या कातडीवरची आंच पाणी उडविण्यांतच खर्च होते. कोरडी कातडी लौकर खुसखुशीत होते. या कामासाठीं तेथें वाढविलेली पांढरी जात १८७३ सालीं अमेरिकेंत गेली आणि पेकिन या नांवानें जगभर पसरली. आपल्या चुलीवर त्यांची भट्टी उभी करण्याचें कारण नाहीं. कातडी सुटी करून वाळविण्याचें तत्त्व तेवढें घ्यावें.

पहिला भाग वाफेचा. रुंद पातेल्यांत चार बोटें पाणी घालून वर चाळणी बसवावी. घरांत मोठें मोदकपात्र असेल तर फारच चांगलें. बदकाच्या पोटांत एक कांदा, आल्याचा तुकडा व आठ-दहा लसणीच्या पाकळ्या घालाव्या. भात किंवा बटाट्याचें सारण ठासून भरूं नये. सारणाच्या मध्यापर्यंत आंच पोहोंचेतों बाहेरचें मांस वाळतें, आणि पोहोंचली नाहीं तर सारण धोक्याचें. छाती वर ठेवून, झांकण घट्ट बसवून मध्यम आंचेवर पाऊण तास वाफवावें. दोन किलोचें असल्यास एक तास. पाणी आटत आल्यास बाजूनें उकळतें पाणी घालावें. या वाफेनें दोन कामें एकदम होतात: चरबी वितळून टोंच्यांवाटे खालच्या पाण्यांत गळते, आणि तंगड्यांतील चिवट धागे ओल्या उष्णतेनें सैल होऊं लागतात. कोरड्या भाजण्यानें हें दुसरें काम इतक्या वेळांत होत नाहीं. खालचें पाणी फेंकूं नये.

बदक बाहेर काढून पुसावें व अर्धा तास वाऱ्यावर निवूं द्यावें. दुसरा भाग भाजण्याचा. जाड बुडाचें पातेलें किंवा लोखंडी कढई तापवून तींत तेल न घालतां बदक पाठीवर ठेवावें. वर जाड ताट झांकून ताटावर निखारे घालावे व खालीं आंच मंद ठेवावी. दहा-दहा मिनिटांनीं एक कूस, मग दुसरी कूस आणि शेवटीं छाती खालीं, असें फिरवीत सुमारें चाळीस मिनिटें भाजावें. सांठलेली चरबी मधून मधून पळीनें काढून घ्यावी. तापलेल्या चरबींत पाण्याचा थेंबही पडूं देऊं नये. शेवटचीं दहा मिनिटें झांकण किलतें ठेवावें, म्हणजे वाफ निघून कातडी कुरकुरीत होते. गॅसच्या शेगडीवर ताटावरचे निखारे शक्य नसतात. तेथें वरची आंच नसल्यामुळें बदक अधिक वेळां फिरवावें लागतें, एवढाच फरक. विजेची भट्टी असल्यास वाफवलेलें बदक दोनशें अंशांवर अर्धा तास पुरे.

शिजल्याची खूण रंगावरून ठरवूं नये, कारण बदकाचें मांस शिजल्यावरही किंचित् तांबूस राहतें. मांडी धडास मिळते तेथें सुरी खुपसावी. निघणारा रस निर्मळ असावा व तंगडी हातानें सहज हलावी. मांसांत खुपसण्याचा तापमापक मिळाला तर अवश्य घ्यावा. त्याच सांध्याशीं चौऱ्याहत्तर अंश दिसले कीं काम झालें. उतरविल्यावर बदक पंधरा मिनिटें तसेंच ठेवावें. ताबडतोब कापल्यास रस ताटांत वाहून जातो.

अंडीं देऊन थकलेली दोन-तीन वर्षांची मादी ही अशा भाजण्याच्या कामाची नाहीं, आणि तिच्यावर कच्च्या पपईचा मारा करूनही फारसा उपयोग होत नाहीं. पपई वरचा थर लिबलिबीत करते, आंतला तसाच चिवट राहतो. तिला वेळच पाहिजे: पातेल्यांत मंद उकळीवर अडीच-तीन तास, अथवा कुकरमध्यें पहिल्या शिटीनंतर बारीक आंचेवर पाऊण तास. नंतर पाणी निवूं देऊन वर जमलेली चरबी काढावी आणि मगच मसाला घालावा. चरबीचा तोल संभाळण्याचे मार्ग निरनिराळ्या प्रांतांनीं आपापल्या परी काढले आहेत. आसामांत हिंवाळ्यांत बदक कोहळ्याबरोबर शिजवितात. कोहळ्यास स्वतःची चव थोडी, त्यामुळें तो रस व चरबी दोन्ही शोषून घेतो. वसई-साष्टीकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत नाताळास व लग्नकार्यांत बदकाचें ‘मोइली’ होतें; त्यांत आलें, लसूण, हिरवी मिरची, सिरका व बटाटे असतात. सिरक्याचा आंबटपणा चरबीस कापतो. ज्यांस सिरका नको त्यांनीं कोकम वापरावें. आमच्या मतें कोकमाचा रंगही या तांबड्या मांसास अधिक शोभतो. कोहळा परसांत असतोच, तेव्हां जून बदकासाठीं आसामी रीत आमच्या वाचकांस सर्वांत स्वस्त पडेल.

चरबीविषयीं दोन शब्द. पोटांतून काढलेले गोळे व कातडीचे तुकडे बारीक चिरून अर्धी वाटी पाण्यासह मंद आंचेवर ठेवावे. पाणी उडून गेलें कीं बुडबुडे थांबतात व तुकडे सोनेरी होऊन तळाशीं बसतात. तेव्हां उतरवून कोरड्या बरणींत गाळावें. वाफेच्या पाण्यावर थिजलेली चरबी काढून हींतच कढवावी. चांगल्या पोसलेल्या पेकिनपासून अशी पाव किलोपर्यंत चरबी मिळते, कॅम्पबेलपासून पुष्कळच कमी. पाण्याचा अंश राहिला तर ती खवट होते. नीट कढविलेली शीतकपाटांत दोन-तीन महिने टिकते. बटाटे, सुरण किंवा वांग्याचे काप परतण्यास ती तेलाऐवजीं वापरावी.

जेवण झाल्यावर सांगाडा वाफेच्या पाण्यांत घालून, एक कांदा व चार मिरीं टाकून दोन तास उकळावा आणि गाळावा. या काढ्यांत जाड तांदळाचा भात शिजवावा. काळीज व कोठ्याचे तुकडे परतून त्यांत मिसळावे. मीठ आधीं चाखून घालावें, कारण बदकास चोळलेलें मीठ त्या पाण्यांत उतरलेलें असतें.