जाळीच्या झाकणाची पेटी



गेल्या वर्षी आमचे आजोबा वारले. त्यांचा चष्मा आजी रुमालात गुंडाळून फडताळात ठेवायची. तिच्यासाठी मी कार्यानुभवाच्या तासाला पेटी केली. ती कशी केली ते सांगतो.

साहित्य : खोक्याच्या देवदारी फळ्या, झाकणासाठी ४ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, कार्बन कागद, जाळीकामाची बारीक पात्याची करवत, सामता, काचकागद, सरस, चुका, दोन छोट्या बिजागऱ्या.

कृती : प्लायवूडवर कार्बनने नक्षी उतरवावी. जो भाग काढायचा त्यावर रेघोट्या माराव्यात व तेथे सामत्याने भोक पाडावे. पात्याचे एक टोक सोडवून ते भोकातून ओवावे व पुन्हा ताणून बसवावे. दाते मुठीकडे झुकलेले हवेत. करवत उभी धरून वरखाली चालवावी. वळण आले की करवत न वळवता प्लायवूड फिरवावे. घाईने पुढे रेटलं की पातं कडकन तुटतं. माझी दोन तुटली! आतली जाळी आधी, बाहेरची कड शेवटी कापावी. म्हणजे नाजूक काड्या मोडत नाहीत.

माझी चूक : मी फुलाभोवती पूर्ण गोल कापला आणि फूलच खाली पडलं! मला रडू आलं. गुरुजी म्हणाले, "अरे, फुलाला देठ नको का?" मग दुसऱ्या तुकड्यावर मी चार देठ राखले. फूल जागेवर राहिले.

शेवटी सगळे काचकागदाने घासले, फळ्या सरस व चुकांनी जोडल्या, बिजागऱ्यांनी झाकण बसवले.

आजीने चष्मा पेटीत ठेवला. झाकण लावून जाळीतून पाहत म्हणाली, "आता रुमाल सोडायला नको रे. दिसतोय की!"