तप्त झोताची वाट
(विमानाच्या पोटातील जेट-यंत्र आणि मागचा पंखा)

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी उघडले. तेथे उघड्या पटांगणात जी जुनी विमाने मांडली आहेत, त्यांत ‘सी हॉक’ नावाचे एक आटोपशीर जेट विमान आहे. माझा नातू त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, “आजोबा, ह्याचा धूर जातो कुठून? शेपटीला भोकच नाही!”

प्रश्न लहान मुलाचा असला तरी तो विमानशास्त्रातील एका मोठ्या अडचणीवर नेमके बोट ठेवणारा आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी “घरातल्या सर्वांना समजेल असे काही शास्त्रीय लिहा” अशी आज्ञा केली, तेव्हा मला हाच प्रश्न आठवला. यंत्रशाळेत मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे लेखाला थोडा वर्गातला वास येईल, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

जेट-यंत्र म्हणजे मुळात एक चूल आहे. पुढून हवा आत ओढायची, ती दाबायची, तिच्यात तेल जाळायचे आणि तापून फुगलेला वायू मागे सोडायचा. वाटेत तो एका पात्यांच्या चक्राला, म्हणजे टर्बाइनला फिरवतो आणि त्या चक्राच्या जोरावर पुढचा दाबयंत्राचा भाग फिरतो. जो वायू उरला तो मागे सुटतो आणि विमान पुढे जाते. हे यंत्र पंखाखाली टांगले तर गरम वायूचे काय करायचे हा प्रश्नच येत नाही. मागे मोकळे आकाश असते. परंतु तेच यंत्र विमानाच्या पोटात बसवले की घरात धुराडे बांधण्याचा प्रश्न उभा राहतो. टर्बाइनमधून निघालेला वायू सहाशे-सातशे अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेला असतो. विमानाचे अंग ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, तो दीडशे अंशांच्या पुढे आपली ताकद गमावू लागतो. शिवाय आजूबाजूला तेलाच्या टाक्या, तारा आणि सुकाणूचे दांडे असतात.

तेव्हा नळी घालावी लागते, आणि नळी म्हटली की तीन दुखणी आलीच. लांब नळीत वायू भिंतींना घासून जोर गमावतो. दुसरे वजन. तिसरे दुखणे नवख्याच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे नळी तापली की वाढते. तीन मीटर लांबीची न गंजणाऱ्या पोलादाची नळी सहाशे अंशांनी तापली तर सुमारे तीन सेंटिमीटर लांब होते. दोन्ही टोके घट्ट आवळून ठेवली तर ती वाकेल किंवा बसवलेली जागा फाडील. म्हणून एक टोक पक्के धरून दुसरे सरकते ठेवतात, नळीभोवती पोकळी सोडतात आणि त्या पोकळीतून थंड हवा सतत वाहती ठेवतात. ही हवा पुष्कळदा बाहेर पडणारा झोतच आपल्या वेगाने ओढून नेतो. त्यासाठी वेगळा पंखा लागत नाही. तेलाची वाफ साचून पेट घेऊ नये हाही तिचा एक उपयोग आहे.

‘सी हॉक’च्या रचनाकारांनी लांब नळी टाळली. ह्या विमानाचा मूळ नमुना १९४७ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये प्रथम उडाला. त्यात रोल्स-रॉइस ‘नीन’ यंत्र होते. टर्बाइनच्या मागेच त्यांनी नळीला लेंग्याच्या दोन पायांसारखे दोन फाटे फोडले आणि एकेक फाटा एकेका पंखाच्या मुळाशी, मागच्या कडेला बाहेर काढला. नळी आखूड झाली, रेटा वाचला, आणि शेपटीकडचा सारा भाग मोकळा राहिल्याने तेथे तेलाची टाकी बसवता आली. नातवाला मी पंखाच्या मुळाशी नेऊन ती दोन तोंडे दाखवली. त्याने आत हात घालून पाहिला आणि “आता गार आहे” असा निकाल दिला.

हे झाले साध्या जेट-यंत्राचे. आता आपल्या मुख्य विषयाकडे, म्हणजे मागे पंखा असलेल्या यंत्राकडे वळू.

होडीत बसून कोणी काठीने पाणी मारू लागला तर पाणी फार उडते आणि होडी थोडी सरकते. तेवढ्याच मेहनतीत रुंद वल्ह्याने पुष्कळ पाणी सावकाश ढकलले तर होडी चांगली चालते. जेटचेही असेच आहे. थोडा वायू प्रचंड वेगाने फेकण्यापेक्षा त्याच तेलात पुष्कळ हवा बेताच्या वेगाने ढकलणे फायद्याचे. म्हणून यंत्राला मोठा पंखा जोडण्याची युक्ती निघाली. हा पंखा पुढे लावावा की मागे, ह्यावर एके काळी दोन मते होती. १९४३ साली इंग्लंडात मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सने मागे पंखा असलेले यंत्र चालवून पाहिले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ती कल्पना बाजारात आणली.

मागच्या पंख्याची रचना मला फार आवडते, कारण तिच्यात जुन्या यंत्राला हातही लावावा लागत नाही. आपले तयार जेट-यंत्र जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याच्या मागे एक सुटे चक्र बसवायचे. पुढच्या भागाशी ह्या चक्राचा दांड्याने काही संबंध नाही. त्याचे प्रत्येक पाते दुहेरी असते. आतला अर्धा भाग टर्बाइनचे पाते. त्यावर गरम वायू आदळतो आणि चक्र फिरते. त्याच पात्याचा बाहेरचा अर्धा भाग पंख्याचे पाते. ते यंत्राच्या भोवतालची थंड हवा ओढून मागे रेटते. जनरल इलेक्ट्रिकच्या सी. जे. ८०५ यंत्राचा रेटा ११ हजार पौंडांच्या थोडा वर होता. मागे पंखा लावल्यावर तो १६ हजारांवर गेला. १९६१ च्या जानेवारीत प्रथम उडालेले ‘कॉन्व्हेअर ९९०’ हे प्रवासी विमान ह्याच यंत्रावर चालले. त्यांच्याच एका लहान यंत्राला मागचा पंखा लावून सी. एफ. ७०० तयार झाले. मूळचा २,८५० पौंडांचा रेटा ४,२०० वर गेला. फ्रान्सच्या ‘फॅल्कन २०’ ह्या छोट्या जेटला ते बसवले गेले.

आता उष्णतेच्या दृष्टीने पाहा. ज्यांच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्यांना हे एका वाक्यात समजेल. बंबात मधल्या नळीतून जाळ आणि धूर वर जातो आणि तिच्याभोवती पाणी असते. मागच्या पंख्याच्या यंत्रात मधून गरम वायू जातो आणि त्याभोवती थंड हवेचे कडे असते. पाणी असेतो बंबाची बाहेरची बाजू जळत नाही. पाणी न भरता जाळ घातला तर सांधे सुटतात. येथेही थंड कडे वाहते आहे तोवर विमानाचे अंग सुरक्षित राहते. दुसरा लाभ असा की चक्र फिरवताना गरम वायूची बरीच शक्ती खर्च होते, म्हणून तो स्वतःही थोडा निवून बाहेर पडतो. पुढे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले की झोत आणखी सौम्य होतो. पोटात यंत्र बसवणाऱ्याला ही आयती मिळालेली देणगी वाटावी.

पण फुकट काही मिळत नाही. यंत्राच्या पुढच्या तोंडाला हवा लागतेच, आणि मागच्या पंख्याला तिच्याहून जास्त हवा लागते, तीही विमानाच्या मध्यावर. यंत्र बाहेर टांगलेले असले तर अडचण नाही. ‘फॅल्कन’च्या यंत्राकडे बाजूने पाहिले की अर्ध्या वाटेवर खोळ एकदम रुंद होऊन कड्यासारखे दुसरे तोंड उघडलेले दिसते. पोटात मात्र ह्या दुसऱ्या हवेसाठी वेगळे बोगदे खणावे लागतात. ते बोगदे यंत्राच्या सर्वांत तप्त भागाला वळसा घालून जाणार, म्हणजे विमानाचे पोट तेवढे सुटणार. बोगद्यात वळणे फार झाली तर हवा भिंतींपासून सुटून भोवरे करते आणि पंख्याच्या एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी हवा पोचते. पाती थरथरू लागतात. आणि ज्या पात्याचे मूळ लाल होईतो तापलेले व टोक गार आहे, त्याला थरथर मुळीच मानवत नाही. गरम आणि थंड वाटांच्या मधली फटही पुरती बुजवता येत नाही, कारण चक्र फिरते आहे. जेथे गरम बाजूचा दाब जास्त, तेथे वायू थंड बाजूला झिरपतो. मग ज्या भिंतीला आपण गार समजून हलक्या धातूची केली, तीच तापते.

ह्या कारणांनी आणि आणखी एका कारणाने पुढच्या पंख्याने बाजी मारली. पुढचा पंखा आतल्या यंत्राला जाणारी हवाही आधीच थोडी दाबून देतो, म्हणजे एका पंख्यात दोन कामे होतात. मागच्या पंख्याला हे साधत नाही. आज प्रवासी विमानांवर पुढचा पंखाच दिसतो. तरीही मागच्या पंख्याच्या यंत्राच्या वाट्याला एक विलक्षण काम आले. चंद्रावर उतरण्याच्या सरावासाठी अमेरिकेने जे चार पायांचे उघडे सांगाड्यासारखे यान केले, त्याच्या मधोमध सी. एफ. ७०० उभे, तोंड वर करून, बसवले होते. ते यानाचा पाच-षष्ठांश भार पेलून धरी, म्हणजे चालकाला चंद्रावरच्या वजनाचा अनुभव येई. १९६४ च्या ऑक्टोबरात ते प्रथम उडाले. त्याची झोताची वाट पाहण्यासारखी आहे: वळण नाही, लांब नळी नाही, मधून सरळ खाली, आणि भोवती जळेल असे आवरणच नाही. सांगाडा उघडा ठेवणे हाही एक उपाय आहे, हे आपण विसरतो. १९६८ च्या मे महिन्यात नील आर्मस्ट्राँगला ह्याच यानातून उडी टाकून जीव वाचवावा लागला. पण तो दोष मुख्य यंत्राच्या झोताचा नव्हता, तोल सांभाळणाऱ्या लहान रॉकेटांचा दाब गेला होता.

नेमका उलट मार्ग ‘रायन एक्स. व्ही. ५’ ह्या विमानाने धरला. पंखा यंत्राजवळ आणण्याऐवजी त्यांनी गरम वायूच पंख्याकडे नेला. दोन जेट-यंत्रांचा वायू झडपा फिरवून पंखांत बसवलेल्या, सुमारे पाच फूट व्यासाच्या आडव्या पंख्यांकडे सोडायचा. तो पंख्याच्या कडेवरच्या लहान पात्यांवर आदळे आणि पंखा फिरे. ५,३०० पौंडांच्या रेट्याचा जवळजवळ तिप्पट उचल-जोर मिळे. १९६४ साली ते उडाले. पण सहाशे अंशांचा वायू पंखातून फिरवायचा म्हणजे पंखाची जागा नळ्यांनी, आवरणांनी आणि सरकत्या सांध्यांनी भरून गेली. तेलाला आणि सामानाला फारसे काही उरले नाही. १९६६ मध्ये सुटकेच्या सरावात बाहेर लोंबणारा दोर व पट्टा पंख्याने आत ओढला आणि चालक प्राणास मुकला. हवा आत घेणारे तोंड जितके मोठे, तितकी ही भीती मोठी.

आता पुन्हा दाबोळीकडे येऊ. नौदलाचा ‘हंसा’ तळ १९६४ साली तेथे आला आणि ‘सी हॉक’ तेथून उडत. १९८३ पासून त्यांची जागा ‘सी हॅरिअर’ने घेतली; ती विमाने २०१६ पर्यंत सेवेत होती. ही दोन विमाने नात्यातली आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हॅरिअरच्या मूळ आराखड्यात यंत्राच्या पुढच्या पंख्याची थंड हवा तेवढी दोन वळत्या तोंडांतून खाली सोडायची होती, आणि गरम वायू सरळ मागे जाणार होता. हॉकर कंपनीच्या राल्फ हूपर ह्यांनी गरम वायूलाही ‘सी हॉक’प्रमाणे दोन फाटे फोडले. त्यातून चार तोंडांची रचना झाली: पुढची दोन बेताची गरम, मागची दोन साडेसहाशे अंशांच्या आसपास. मागच्या तोंडांशेजारी विमानाच्या अंगावर उष्णता सोसणारे पत्रे जडवावे लागले.

मात्र सरळ उतरणाऱ्या विमानाला झोत बाहेर काढून सुटका मिळत नाही. खाली गेलेला वायू जमिनीवर आपटतो, पसरतो, चार झोत जेथे भिडतात तेथून कारंज्यासारखा वर येतो, आणि यंत्राच्या तोंडापर्यंत पोचला तर यंत्र आपलाच गरम श्वास ओढते. तापलेली हवा विरळ असते. रेटा घटतो, तोही नेमका जमीन जवळ आलेली असताना. म्हणून पोटाखाली दोन उभ्या पट्ट्या, किंवा तोफांच्या पेट्या, अशा बसवत की कारंजे त्यांच्यामध्ये अडून उलट विमानाला थोडा आधारच द्यावा.

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. अमेरिकेच्या ‘बी-२’ बाँबफेकीत चारही यंत्रे अंगात लपवलेली आहेत. शत्रूला उष्णता दिसू नये म्हणून वायूत थंड हवा मिसळून तो पंखाच्या वरच्या बाजूने सोडतात. परिणामी तोंडांमागच्या पत्र्यांवरून तप्त झोत सतत घासत जातो, आणि त्या पत्र्यांना भेगा पडण्याचे दुखणे त्या विमानाला बरीच वर्षे जडलेले आहे.

संग्रहालयात गेलात तर ‘सी हॉक’च्या शेपटीकडे न थांबता पंखाच्या मुळाशी जावे. तेथील तोंडाला लागून जो पत्रा आहे, तो बोटाने वाजवून पाहा आणि मग पुढे, हवा आत घेण्याच्या तोंडाजवळचा वाजवा. दोन्हींचा आवाज सारखा येतो का, हे मी मुद्दामच सांगत नाही. माझ्या नातवाने ते स्वतः ठरवले.