मोबाईलमधली न दिसणारी जागा : 'स्टोरेज फुल' आल्यावर आधी काय तपासावे?



'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की आपण सगळे एकच करतो. गॅलरी उघडतो आणि समोर दिसतील ते फोटो उडवायला लागतो. दोन दिवस बरे जातात, पुन्हा तोच मेसेज! कारण जागा खाणाऱ्या बऱ्याच गोष्टी गॅलरीत दिसतच नाहीत. आज त्या शोधायला शिकू. ही माहिती अँड्रॉइड फोनची आहे, आपल्या बहुतेक पालकांकडे तोच असतो. कंपनीप्रमाणे सेटिंगची नावं थोडी वेगळी असतील.

आधी एक गणित (पाचवीच्या पुढच्या मुलांना जरूर द्या, आवडतं त्यांना). खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं, म्हणजे ६४ अब्ज बाइट. पण संगणकाच्या मोजणीत १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरतात. भागाकार केला की उरतात साधारण ५९.६. त्यातून अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप्स आपला वाटा घेतात. ही जागा मोकळी करता येत नाही, तिच्या मागे लागू नका.

मोकळी होणारी जागा बहुतेक वेळा व्हॉट्सॲपमध्ये सापडते. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने भारतात 'फाइल्स गो' हे ॲप आणलं, त्यालाच आज 'फाइल्स बाय गुगल' म्हणतात. आपल्याकडचे फोन भरण्यामागे रोज सकाळी येणारी सुप्रभातची चित्रं हे एक मोठं कारण असल्याचं गुगलच्या लोकांना आढळलं होतं. ती चित्रं ओळखून वेगळी काढायची सोय त्यांनी ॲपमध्ये दिली. म्हणजे हा आपला खास देशी आजार आहे!

पण सुप्रभात निदान दिसतं तरी. न दिसणारं बघा. आपण वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकतो तेव्हा व्हॉट्सॲप त्याची लहान केलेली आणखी एक प्रत बनवून 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्या फोल्डरमध्ये 'नोमीडिया' नावाची एक छोटीशी फाइल असते. ती गॅलरीला सांगते, इथलं काही दाखवू नकोस. म्हणून मूळ फोटो उडवला तरी पाठवलेली प्रत तशीच राहते. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ चार ग्रुपवर टाकणाऱ्या शिक्षकांनी हा फोल्डर एकदा उघडाच.

मग साफ कसं करायचं? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. खाली कोणत्या ग्रुपने किती जागा घेतली तेही उतरत्या क्रमाने दिसतं. तिथूनच मोठे व्हिडिओ निवडून काढा. नंतर मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत तेच.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पालकसभेनंतर एक ताई फोन घेऊन आल्या होत्या. जागा हवी म्हणून वडिलांबरोबरचं पूर्ण चॅट काढून टाकायला निघाल्या होत्या. वडील आता नाहीत, त्यांचे व्हॉइस मेसेज त्यात होते. आम्ही मिळून बघितलं तर ते सगळं चॅट काही एमबींचंच निघालं! आणि सोसायटीच्या ग्रुपमध्ये कितीतरी जीबींचे व्हिडिओ पडले होते. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज एक एमबीसुद्धा भरत नाही, साधे मेसेज तर त्याहून कितीतरी हलके. म्हणून आधी आकडा बघा, मग हात लावा.

२०२० साली 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमात रोज अभ्यासाच्या लिंक पालकांच्या फोनवर यायच्या. तेव्हा दीक्षा ॲपवर डाउनलोड केलेले धडे अजून तसेच असतील तर तेही ॲपच्या आत असतात, गॅलरीत नाही. पुढच्या वर्गात गेलेल्या मुलाचे जुने धडे ॲपमधूनच काढता येतात. यूट्यूबचे ऑफलाइन व्हिडिओ आणि टेलिग्रामवरच्या पीडीएफचंही तसंच.

आता 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा'. कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरतं काढून ठेवलेलं सामान, ते गेलं तर लागेल तसं परत तयार होतं. डेटा काढला की ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं. व्हॉट्सॲपवर 'क्लिअर डेटा' कधीही दाबू नका. बॅकअप नसेल तर चॅट गेलीच समजा.

उडवलेले फोटो आधी ट्रॅशमध्ये जातात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. म्हणून ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा वाढलेली दिसत नाही. आणि सांभाळा, बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजमध्ये डिलीट केला तर तो फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर त्यातलं 'फ्री अप स्पेस' वापरा.

मुलं विचारतात, क्लाउड म्हणजे ढग का? त्यांना सांगा, ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या मोठाल्या इमारती आहेत ना, क्लाउड म्हणजे अशाच इमारतींमधले संगणक. तिथली जागाही फुकट अमर्याद नाही. गुगल फोटोजची मोफत अमर्याद सोय १ जून २०२१ ला संपली. आता फोटो, जीमेल, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप मिळून १५ जीबी मोफत मिळते.

जाहिरातीत दिसणारी 'एका क्लिकमध्ये फोन साफ' वाली ॲप्स मात्र टाकू नका. ती स्वतःच जागा खातात, जाहिराती दाखवतात आणि नको त्या परवानग्या मागतात. वर सांगितलेलं सगळं फोनमधल्याच सेटिंगमधून होतं. पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं काढून एखाद्या पालकाच्या फोनवर 'मॅनेज स्टोरेज' प्रत्यक्ष उघडून दाखवा. घरात एकच फोन असलेल्या मुलांचे पालक पुढे बसवा.