हृदयाची झडप : दुरुस्ती करायची की बदलायची?

नळावरून हंडा आणताना धाप लागते. दोन उशा घेतल्याशिवाय रात्री झोप येत नाही. पाय सुजतात. तपासून डॉक्टर सांगतात, "झडप खराब आहे, ऑपरेशन लागेल." घर हबकून जाते. पण हे ऑपरेशन एकाच प्रकारचे नसते, म्हणून ही माहिती.

हृदयात चार झडपा असतात. दारासारख्या उघडमीट करून त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. लहानपणी जंतूंमुळे घसा सुजतो. वेळेवर औषध न मिळाल्यास काही मुलांना सांधे दुखवणारा संधिवाती ताप येतो आणि तो झडपा बिघडवतो. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या कुटुंबांत हा जंतू लवकर पसरतो. यात ना दैव, ना करणी.

उपाय कोणते?

१) फुगा : मायट्रल झडप फक्त आकुंचली असेल, गळती फारशी नसेल, तर जांघेतल्या शिरेतून नळी घालून फुग्याने ती रुंद करतात. छाती उघडावी लागत नाही. पुढे काही वर्षांनी झडप पुन्हा आकुंचू शकते.

२) दुरुस्ती : छाती उघडून आपलीच झडप नीट करतात, आधाराला कडे शिवतात. जमले तर हे उत्तम. पण फार जाड, कडक झालेली झडप दुरुस्त होत नाही.

३) यांत्रिक झडप : खूप वर्षे टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली भारतीय झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जात आहे.

४) प्राण्याच्या ऊतीची झडप : गोळी बहुधा काही महिनेच लागते. पण ही साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणांत त्याहून लवकर. मग पुन्हा ऑपरेशन.

लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर

रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. म्हणून मूल हवे आहे की नाही, हे ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, आणि हे मुलीला स्वतः बोलू द्या. गोळी चालू असताना पाळी चुकली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळी मनाने बंद करू नका; झडपेवर गुठळी धरून जीव जाऊ शकतो.

घरी आल्यावर

आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या वेळी करा. पालेभाजी सोडू नका, पण रोजचे प्रमाण सारखे ठेवा. मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. दात काढण्यापूर्वी झडप बसवल्याचे सांगा. संधिवाती तापाचा रुग्ण असेल, तर पेनिसिलिनचे तीन आठवड्यांचे इंजेक्शन ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा.

पैशांचे काय?

दागिना मोडण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. झडपेची ऑपरेशने या योजनेत बसतात. मंजुरी ऑपरेशनपूर्वी घ्या.

आणि एक : घरातल्या मुलाचा घसा दुखून ताप आला तर "होईल बरा" म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. औषधाचा पूर्ण कोर्स मुलाला द्या. झडप वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.